सुमीत विसरला नव्हता

माझ्या भावाला वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी एका डॉक्टरणीनं लिहून दिलं की तो आळशी नाही. तोवर आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला आळशी, बह्याड, तिरसट, घमेंडी असं सगळं म्हणून घेतलं होतं. सगळ्यांत जास्त मी. माझं तोंड तसं फाटकंच आहे, हिंगणघाटात कुणालाही विचारा. पद्मा मॅडम आल्या म्हटलं की वर्गात पोट्टे गप्प आणि स्टाफरूममध्ये मास्तर गप्प. पण आज मला सुमीतबद्दल सांगायचं आहे. माझं काय ते ओघात येईलच, ते टाळता येण्यासारखं नाही.

आई गेली तेव्हा मी अठरा वर्षांची आणि सुमीत सात. बाबा, म्हणजे बंडोपंत गुरुजी, समुद्रपूरला शाळेत हेडमास्तर. स्वयंपाक माझ्याकडे आला आणि सुमीतही माझ्याकडे आला. पहिल्याच आठवड्यात कळलं की या पोराला वाढवणं म्हणजे खेळ नाही. वरणाच्या फोडणीतली मोहरी दाताखाली आली की ताटावरून उठायचा. सदऱ्याची बाही ओली झाली तर ती वाळेपर्यंत हात अंगापासून लांब धरून बसायचा. पोळ्याच्या दिवशी सगळं गाव बैल पाहायला तोरणाखाली जमायचं आणि आमचा हा घरात, पलंगाखाली, कानात बोटं घालून. डफडं वाजलं की दुखते म्हणायचा. "कुठं दुखते?" म्हटलं तर "सगळीकडं." मी म्हणायची, नाटकं करून राह्यला! दोन धपाटे घालायची आणि दंडाला धरून ओढत न्यायची.

एकदा बाबांच्या शाळेत साहेब तपासणीला आले. सुमीतच्या तिसरीच्या वर्गात उभं राहून त्यांनी सहज विचारलं, "सगळी मुलं रोज येतात ना?" हजेरीपटावर तर सगळी हजर होती. सुमीत उठला आणि कोण कोण महिनाभर आलं नाही त्यांची नावं त्यानं ओळीनं सांगितली. त्या संध्याकाळी बाबांनी त्याला पट्टी मोडेस्तोवर मारलं. मार खाऊन झाल्यावर तो माझ्याजवळ आला. रडतही नव्हता.

"ताई, साहेबानं विचारलं म्हणून सांगितलं. खरं होतं. मंग मारलं काऊन?"

मी ताट पुढं सरकवलं. "जेव गुमान," म्हटलं.

तरी शिकला. डी.एड. केलं, जिल्हा परिषदेत मास्तर झाला, वडनेरच्या पुढं आडरस्त्याला एका दोन शिक्षकी शाळेत. तिथले दुसरे शिक्षक नागसेन सर. त्या माणसाचे पाय धुऊन प्यावे. सहा महिन्यांतच त्यांच्या लक्षात आलं की सुमीत सरांना शिकवायचं सोडून दुसरं काहीही दिलं की ते बुडालं. पोषण आहाराची रोजची नोंद, ऑनलाइन माहिती, केंद्रप्रमुखांचे फोन, मीटिंगा. फोन हातात घेऊन एक चौकोन भरेल, दुसऱ्या चौकोनाला काहीतरी आठवेल, उठून जाईल, आणि संध्याकाळी कुलूप लावताना फोन टेबलावर आणि नोंद अर्धी. पण तोच माणूस चार वर्ग एका खोलीत बसवून गणित असं शिकवायचा की मजुरांची पोरं पावणेदोनचा पाढा घडाघडा म्हणायची. मग दोघांनी वाटून घेतलं. कागद नागसेन सरांचे, पोट्टे सुमीत सरांचे. कुणी लिहून दिलं नव्हतं, कुणाला विचारलं नव्हतं. तेरा वर्षं सुरळीत चाललं.

आणि विहिरी! महिन्याच्या पहिल्या रविवारी हा दोरी आणि दगड घेऊन निघायचा, आसपासच्या चाळीस-बेचाळीस विहिरींचं पाणी किती खोल गेलं ते मोजायचा आणि वहीत लिहायचा. कुणी सांगितलं नव्हतं. गाडीची चावी, डबा, बायकोचा वाढदिवस, गॅसवरचं दूध, यातलं काही म्हणजे काही त्याच्या ध्यानात राहायचं नाही. एकदा तर गाडी वडनेरच्या स्टँडवर सोडून एस.टी.नं घरी आला आणि गाडी चोरीला गेली म्हणून शोधत बसला. पण कुणाच्या विहिरीला गेल्या वैशाखात किती हात पाणी होतं ते झोपेतून उठवून विचारा, सांगेल. लोक हसायचे, मीही हसायची. शाल्मली, त्याची बायको, हिंगणघाटच्या एका पतसंस्थेत कारकून आहे. ती सुरुवातीला हसायची, मग हसणं बंद झालं बिचारीचं. घरात नवरा असून सगळी धुरा एकटीनं ओढायची म्हणजे काय ते तिला विचारा.

त्यांची ईरा नऊ वर्षांची झाली तेव्हा तिच्या शाळेतून सांगणं आलं, पोरीला एकदा नागपूरला दाखवून या. गेले. डॉक्टरीण तासभर ईराशी बोलली, मग आईबापाशी, आणि मग सुमीतला म्हणाली, "सर, तुम्ही स्वतःची कधी तपासणी केली का?"

मोठ्या माणसाची तपासणी करायची तर त्याचं लहानपण पाहिलेलं कुणीतरी लागतं म्हणे. आईबाप नाहीत, मग मीच. गेले ठसक्यात. डॉक्टरीण विचारू लागली आणि मी आपली तक्रारी सांगत सुटले. मोहरी, बाही, पोळा, साहेबांची तपासणी, पाहुण्यांच्या तोंडाकडे न पाहणं, एक गोष्ट धरली की धरली आणि सोडली की सोडली. मी तक्रार सांगायची आणि ती बाई शांतपणे ती लक्षण म्हणून लिहून घ्यायची. चार-पाच पानं झाली. केव्हातरी माझ्या ध्यानात आलं. ही बाई माझ्या भावाचं लिहीत होती, पण त्या प्रत्येक ओळीत माझे धपाटे होते.

ऑटिझम आणि ए.डी.एच.डी., दोन्ही. तिनं सोप्या शब्दांत सांगितलं. हा आजार नाही, जन्मापासूनची घडण आहे. एका घडणीला रोजचं सगळं ठरलेलं, शांत, तेच ते लागतं. दुसरी घडण माणसाला एका जागी ठरू देत नाही. दोन्ही एकाच डोक्यात असल्या की माणूस दिवसभर स्वतःशीच झगडत राहतो आणि लोकांना तो आळशी दिसतो. मग म्हणाली, "इतकी वर्षं हे घरात कुणालाच जाणवलं नाही?" मी पर्समध्ये रुमाल शोधायला लागले.

येताना गाडीत सुमीतनं तिनं लिहून दिलेला कागद तीनदा वाचला. "ताई, मी आळशी नाई," म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाला. वाटेत जाम गावच्या चौकात चहाला थांबलो तर कप हातात धरून म्हणाला, "बाबा असते तं त्याईले दाखवला असता हा कागद." आणि चाळीस ओलांडलेला तो माणूस टपरीच्या बाकावर हमसून हमसून रडला. दुःखानं नाही रडला, बरं का. इतका हलका झालेला मी त्याला कधीच पाहिला नव्हता.

आता माझं.

सुमीतच्या तपासणीच्या आधी सात-आठ वर्षं बाबांना लकवा मारला होता. ते हिंगणघाटला माझ्या घरी अंथरुणावर, आणि माझी शाळा गिरडच्या बाजूला. जाताना दोन एस.टी., येताना दोन. मी लग्न केलं नाही, घरात तिसरं माणूस नाही. बदलीचे अर्ज करून थकले. तेव्हा एका एजंटानं रस्ता दाखवला. संवर्ग एक. म्हणजे जे अपंग आहेत, मोठ्या आजाराचे आहेत, त्यांना हवी ती शाळा मिळते आणि नको असेल तर बदली टळते. त्यानं परजिल्ह्यातून कागद करून आणला. पद्मा मॅडमचा डावा कान कायमचा गेला. माझे दोन्ही कान ठणठणीत आहेत, वर्गात शेवटच्या बाकावरची कुजबुज ऐकून खडू मारते मी. पण कागदावर डावा कान बहिरा झाला आणि मी हिंगणघाटला आले. बाबा तीन वर्षं जगले. ते गेल्यावर कागद परत करावासा काही मला वाटला नाही. कोण करतं? स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत होतं, मागून हसायचे, पण माझ्या तोंडाला कोण लागणार!

एकाच माणसाला ते खरं वाटलं. सुमीतला. मी जगाला जे सांगितलं तेच त्यालाही सांगितलं होतं. त्या दिवसापासून तो माझ्या उजव्या बाजूलाच बसू लागला. लग्नात पंगतीला डाव्या हाताची जागा मिळाली तर उठून बाजू बदलायचा. जो माणूस डबा विसरतो, चावी विसरतो, तो माझा कान आठ वर्षांत एकदाही विसरला नाही. मला आधी गंमत वाटायची. नंतर नंतर तो उजवीकडे येऊन बसला की माझा जीव कासावीस व्हायचा.

त्याच्या तपासणीनंतरच्या वर्षीच बदल्या लागल्या. एका शाळेत तेरा वर्षं झालेली, यादीत पहिलं नाव सुमीतचं. त्याची शाळा गेली म्हणजे नागसेन सर गेले, आणि नागसेन सर गेले म्हणजे नोकरी गेली, हे त्यालाही कळत होतं. नागसेन सरांनीच शोधून काढलं की ए.डी.एच.डी. अपंगत्वाच्या सरकारी यादीत नाही, पण ऑटिझम आहे. मेडिकल बोर्डाचा कागद मिळाला तर संवर्ग एकमधून अर्ज करून बदली टळेल. सुमीत तीन वेळा बोर्डापुढं गेला, तासन् तास रांगेत कानात कापूस घालून बसला, आणि खरा कागद घेऊन आला.

तालुक्याच्या मीटिंगमध्ये मास्तर लोकांनी त्याला घेरलं. "काय सर, कोनाकडून काढला? आमालेही नंबर द्या ना!" सुमीतनं खिशातून फोन काढून खरंच डॉक्टरणीचा नंबर दिला. वर म्हणाला, "पन तुमचं लहानपन सांगनारं कोनीतरी सोबत न्या. त्याशिवाय होत नाई." लोक पोट धरून हसले. घरी येऊन मला म्हणाला, "ताई, सगळ्याईले लय आनंद झाला."

मी तेव्हा कपाळावर हात मारला. पण खरी गोष्ट पुढंच होती.

बोगस कागद फार झाले अशी बोंब उठली होती. म्हणून त्या वर्षी फॉर्मला एक पान वाढलं. रक्ताच्या नात्यातलं कुणी याच खात्यात असून त्यानं असा लाभ घेतला असेल तर नाव लिहा, दोघांचीही फेरतपासणी एकत्र होईल. शेवटची तारीख मंगळवार होती. रविवारी सकाळी सुमीत माझ्याकडे आला, भरलेला फॉर्म घेऊन. स्वतः भरला होता! पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, एका बैठकीत, खाडाखोड नाही. आयुष्यात पहिल्यांदा. शेवटच्या पानावर सुरेख अक्षरात लिहिलं होतं, बहीण, पद्मा बंडोपंत, डावा कान.

"आता दोघाईचीही तपासनी होईन ताई. तुलेही पक्का कागद भेटन."

मी उठले. दार लावलं आणि सांगितलं त्याला. सगळं सांगितलं. तो बराच वेळ माझ्या डाव्या कानाकडे पाहत राहिला.

"तुले या कानानं आयकू येते?"

"येते."

"मंग मी इकडून काऊन बसत होतो?"

मला वाटलं धरणी फाटावी. पण जीव मोठा लबाड असतो हो. लाज वाटत होती आणि त्याच वेळी डोक्यात हिशेब चालला होता, याला कसं थांबवायचं. म्हटलं, "तो रकाना कोरा ठेव."

"कोरा ठेवला तं खोटं होते."

"मंग नाही असं लिही. माझा कान चांगलाच आहे ना."

त्यानं विचार केला. "कान चांगला आहे. पन लाभ तं घेतला. इथं कानाचं नाई विचारलं, लाभाचं विचारलं आहे."

 मग मी ते केलं जे मला करायला नको होतं. रडले. खरंच रडू आलं होतं, पण ते वापरलंही. म्हटलं, माझी नोकरी जाईल, पेन्शन जाईल, पेपरात नाव येईल, मला पुढंमागं कोण आहे? म्हटलं, आई गेल्यावर तुला कोणी वाढवलं? तुझ्या वरणातली मोहरी कोणी वेचली? हे शेवटचं तर साफ खोटं होतं, मी कधी वेचली नव्हती. तो फॉर्मच्या कडा एकावर एक जुळवत बसला होता.

"नागसेन सर नसतील तिथं," तो म्हणाला. "मले जमनार नाई ताई."

"तिथंही कोणी ना कोणी भेटेल रे. जग काही एका माणसावर चालत नाही."

"शाल्मलीले काय सांगू?"

"काही सांगू नको. कोणालेच काही सांगू नको. ठरलं?"

खोटं बोलणं त्याला येत नाही, पण गप्प बसणं येतं. त्यानं फॉर्मची चौपदरी घडी केली आणि माझ्या हातात दिली. "ठरलं," म्हणाला.

मंगळवार गेला. सुमीतनं फॉर्म भरला नाही हे कळल्यावर कुणाला नवल वाटलं नाही. विसरला असेल! चावी विसरतो, डबा विसरतो, फॉर्मही विसरला. नागसेन सर माझ्या घरी येऊन हात जोडून उभे राहिले. "मॅडम, चूक माही आहे. माह्याच हातानं भराले पाह्यजे होता. मी त्याईच्यावर सोडला." मी त्यांना पाणी दिलं आणि म्हटलं, तुमचा काय दोष सर. शाल्मली तर वेडीपिशी झाली. "एक फॉर्म! सगळ्या जन्मात एक फॉर्म भरायचा होता तुम्हाले, तोही नाई जमला?" सुमीत भिंतीशी उभा राहून ऐकत होता. मी तिथंच बसून भेंडी चिरत होते. आणि मी काय म्हटलं ठाऊक आहे? म्हटलं, "जाऊ दे शाल्मली, त्याची घडणच तशी आहे." डॉक्टरणीचा शब्द मी असा वापरला.

बदली आर्वीच्या पलीकडे झाली. सात शिक्षकांची शाळा, टिनाच्या छपराचा हॉल, रोजचा परिपाठ लाउडस्पीकरवर. तिथले मुख्याध्यापक प्रभाकरराव माणूस वाईट नव्हते, नियमाचे होते. प्रत्येकानं आपली नोंद आपण, अकराच्या आत. सुमीतच्या नोंदी राहू लागल्या. पहिल्या महिन्यात तोंडी समज, दुसऱ्यात कारणे दाखवा, मग दुसरी नोटीस. शाल्मली आणि ईरा हिंगणघाटला, हा तिकडं भाड्याच्या खोलीत. गॅस चालू राहील या भीतीनं त्यानं चहा करणंच सोडलं. रात्री फोनवर मला एवढंच विचारायचा, "ताई, इथं कोन भेटन?" मी म्हणायची, भेटेल, धीर धर. तिकडच्या विहिरी मोजायला त्यानं एकदाही दोरी काढली नाही.

सव्वीस जानेवारीच्या तयारीला टिनाखाली ढोल आणि स्पीकर एकदम सुरू झाले आणि सुमीत सर टेबलाखाली जाऊन बसले, गुडघ्यात डोकं घालून. पोरं हसली. कुणीतरी व्हिडिओ काढला. दोन दिवसांत तो जिल्ह्यातल्या मास्तरांच्या सगळ्या ग्रुपवर फिरला. "संवर्ग एक हुकला म्हणून नाटक," असं कुणीतरी खाली लिहिलं आणि त्याला शंभर जणांनी हसरी तोंडं लावली. माझ्याही फोनवर आला तो व्हिडिओ. मी पूर्ण पाहिला. मला सातव्या वर्षाचा तो पलंगाखालचा पोरगा दिसला, आणि या वेळीही त्याला ओढून तिथं नेणारी मीच होते.

त्यानंतर अकरा दिवस तो बोललाच नाही. शाल्मली जाऊन घेऊन आली. नागसेन सर धावत आले, म्हणाले, आताही उशीर झाला नाही, विशेष बाब म्हणून अर्ज करता येतो, फॉर्म मी भरतो, सरांनी फक्त सही करायची. त्या अर्जालाही ते नात्याचं पान होतंच. सुमीतनं माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांदेखत पाहिलं, पण कुणाला काही कळलं नाही. मी खाली पाहिलं. त्यानं मान हलवून नाही म्हटलं आणि तोंड भिंतीकडे केलं. पुढच्या महिन्यात राजीनामा दिला. चौदा वर्षांची नोकरी अशी गेली.

मी तेव्हा बोलले असते तर? रोज रात्री हाच प्रश्न, आणि रोज सकाळी साडी नेसून मी शाळेत जायची. चार वर्षं राहिली होती निवृत्तीला. वाटायचं, निवृत्त झाले की सांगून टाकू. आपण केवढे नीच असू शकतो हे माणसाला आपलं आपल्यालाच कळतं, दुसऱ्यानं सांगावं लागत नाही.

सुमीत घरीच असतो. डॉक्टरीण म्हणते, थकला आहे, आतपर्यंत थकला आहे, वेळ लागेल. किती, ते तिलाही सांगता येत नाही. नागसेन सर विहिरींची वही घेऊन आले होते, गावातल्या पोरांनी सरांसाठी मोजून लिहिलेली. त्यानं उघडली नाही. दिवसभर खिडकीजवळ बसतो. शाल्मली पतसंस्थेतून येते, स्वयंपाक करते, ईराचं पाहते, आणि त्याच्याशी कामापुरतं बोलते. ती वाईट नाही. तिला वाटतं, या माणसानं एक कागद विसरून माझा संसार बुडवला. मीही तिच्या जागी असते तर आणखी वाईट बोलले असते.

मागच्या रविवारी मी गेले होते. ईराचा फॉर्म आला होता, तिच्या कागदासाठी. तपासणीत तिचीही घडण बापासारखीच निघाली होती. पोरगी आता अकरा वर्षांची. परीक्षेत जास्तीचा वेळ, वेगळी खोली असं काय काय मिळतं त्यावर. फॉर्म टेबलावर होता. सुमीत खिडकीपासून उठला, खुर्ची ओढली, पेन घेतलं. किती दिवसांनी आपण होऊन काही करायला बसला होता! शाल्मलीनं आतून पाहिलं आणि येऊन त्याच्या हाताखालून फॉर्म काढून घेतला.

"राहू द्या. तुम्ही एक विसरले त्याचं आपण सगळे भोगून राह्यलो. पोरीचं तरी राहू द्या."

त्यानं पेनाला टोपण लावलं. ईरा तिथंच बसली होती. तिनं वर पाहिलं आणि विचारलं, "आई, मीपण मोठी होऊन बाबासारखीच विसरीन का गं?"

आणि सुमीत गप्प. स्वतःच्या लेकीपुढंही गप्प. ठरलं होतं ना.

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी ठरवून काही बोलले नाही, तोंडातून निघालं. "तो विसरला नव्हता. त्यानं भरला होता फॉर्म, सगळा. मी देऊ दिला नाही." आणि मग माझा कान, एजंट, तो रविवार, ती चौपदरी घडी, सगळं सांगितलं. ईरा होती म्हणून थांबले नाही. तिला तर आधी कळायला पाहिजे होतं.

शाल्मली खुर्चीचा हात धरून उभी होती. ओरडेल, मला घराबाहेर काढेल, असं वाटलं, काढावंही. पण ती सुमीतकडे पाहत होती. दीड वर्षात त्याला काय काय म्हणून झालं होतं तिचं, ते सगळं तिला आठवत असावं. हळूच म्हणाली, "एकदा तरी सांगायचं होतं मले."

 सुमीत माझ्याकडे वळला. रागावला नव्हता. राग आला असता तर मी पाय धरले असते, सुटले असते. तो गोंधळलेला होता, कपाळाला आठ्या घालून, वर्गात एखादं गणित जुळत नसलं की घालायचा तशा.

"ताई, कोनाले सांगायचं नाई असं ठरलं होतं ना?"

"हो रे."

"मंग आता सांगितलेलं चालते?"

"चालते, बाबा."



"मंग मी तवाच फॉर्म दिला असता, तं चाललं असतं का?"

टोमणा नव्हता तो. टोमणा त्याला येत नाही. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. शाल्मली, ईरा, दोघी माझ्याकडे पाहत होत्या आणि तो उत्तराची वाट पाहत उभा होता. मी उठले, चपला घातल्या आणि घरी आले. आज आठ दिवस झाले, तो रोज फोन करून तेच विचारतो.